विहिरीपाशी न वळलेला रस्ता

मी एक जुना हद्दीचा दगड आहे. देवगाव रंगारीच्या अलीकडे एक लहानसे गाव आहे, तिथल्या शाळेच्या कोपऱ्याला मी कमरेपर्यंत जमिनीत उभा आहे. रंगाने काळा, डोक्यावर छिन्नीने कोरलेली फुली. मित्रांनो, माझी गोष्ट मी सांगतो आहे खरी, पण तिच्यातले सगळे मला अजून उमगलेले नाही. जिथे गोंधळलो, तिथे तसेच सांगतो.

निजामाच्या राज्यात जमिनीची मोजणी आली तेव्हा एका पाथरवटाने मला खदानीतून काढले. बैलगाडीने इथे आणून खड्ड्यात बसवले आणि माझ्या डोक्यावर थाप मारून तो म्हणाला, "आता इथून हलायचं नाय." एवढेच माझे शिक्षण. अक्षरे मला फार उशिरा आली. माझ्या पाठीशी शाळा बांधली गेली, तेव्हा भिंतीपलीकडची बाराखडी ऐकून ऐकून मी शिकलो. आकडे मात्र अजून कच्चेच आहेत.

सुरुवातीला माझा मान मोठा होता. मोजणीदार यायचा तेव्हा साखळी माझ्यापासून सुरू व्हायची. हद्दीवरून भांडणारे भाऊ माझ्यापाशी आले की आवाज खाली करायचे. पुढे मोजण्या थांबल्या. माझ्याभोवती गवत वाढले. कोणी माझ्यावर विळा घासला, कोणी विडी विझवली. समोरच्या सरूबाई दिवसा गोठ्यातली म्हैस बाहेर काढून मला बांधू लागल्या. म्हैस मान झटकायची आणि मी पायापासून डगमगायचो. पण एकट्या बाईचे घर त्या म्हशीच्या दुधावर चालायचे, म्हणून मी सोसत राहिलो.

मग गेल्या हिवाळ्यात गावातून नवा रस्ता काढायचे ठरले. शहरात क्रांती चौकाजवळ असलेल्या एका ऑफिसातून मेघा नावाची इंजिनिअर आली. तिच्याबरोबर ड्रोन उडवणारा सांडू होता, सिल्लोडचा. मेघाने माझ्यावरचे शेण खरवडले आणि फुलीत पांढरा रंग भरला. ड्रोन घरघरत वर गेला. इतक्या वर्षांत सगळ्यांनी मला वाकून पाहिले होते. आभाळातून कोणी पाहिले नव्हते.

काही दिवसांनी मेघा शाळेच्या ओसरीत लॅपटॉप घेऊन बसली. ड्रोनचे चित्र तिने जगाच्या नकाशावर ठेवले आणि तिचा चेहरा उतरला.

"मॅडम, गाव कुठंय?" सांडूने विचारले.

"हे बघ ना."

"हा तर समुद्र हाय. बर्फाचा."

सरपंच सर्जेराव चहा घेऊन आले होते. त्यांनी मान पुढे करून पाहिले. "तरीच म्हटलं, यंदा थंडी एवढी का पडली."

जागा सांगायला दोन आकडे लागतात म्हणे, एक उत्तरेचा आणि एक पूर्वेचा. आमचे आकडे उलट्या क्रमाने गेले होते. उत्तरेचा आकडा यंत्राने पूर्वेचा धरला आणि गाव उचलून पार वरच्या समुद्रात नेऊन ठेवले. मेघाने क्रम बदलला आणि गाव परत आले. सगळे हसले. मी मात्र विचार करत राहिलो. मी तर जागचा हललो नव्हतो, मग समुद्रात कोण जाऊन आले?

खरा घोळ पुढे झाला. रस्त्याचा आराखडा शहरात कोणीतरी आधीच काढून ठेवला होता. माझ्यापासून सुरू होऊन रस्ता विहिरीपाशी वळणार आणि डांबरी सडकेला लागणार. मेघाने तो आराखडा ड्रोनच्या चित्रावर ठेवला, तर आराखडा भलामोठा आणि गाव खाली एवढेसे. दोन्हीतले एक चुकीचे. चित्र एकदा समुद्रात जाऊन आलेले, म्हणून तिचा संशय चित्रावरच गेला.

"टेप लावून बघू," ती म्हणाली. "आराखड्यात दगडापासून विहीर तीनशेवर आहे."

सांडूने टेपचे टोक माझ्या डोक्यावर धरले. सर्जेराव टेप घेऊन विहिरीपर्यंत गेले आणि तिथून ओरडले, "तीनशे. बरोब्बर तीनशे."

म्हणजे आराखडा खरा आणि चित्र खोटे. मेघाने चित्रात मी होतो तो ठिपका धरून ठेवला आणि बाकीचे चित्र ताणत नेले, विहिरीवर विहीर बसेपर्यंत. माझ्याभोवती शाळा फुगली, गोठा फुगला, लिंबाचे झाड फुगले. मी तेवढा जागच्या जागी. पडद्यावर सगळे छान जुळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी जेसीबी आले. सांडूच्या हातात उपग्रहाशी बोलणारी काठी होती. आराखड्यातली रेघ जमिनीवर नेमकी कुठे येते ते ती काठी दाखवायची, आणि तिथे तो चुन्याची फक्की टाकायचा. रस्त्याची एक कड माझ्यापासून निघाली. दुसरी कड बोळ ओलांडून सरूबाईंच्या गोठ्यात शिरली.

"आरं, फक्की कुठं टाकतो? गव्हाणीत?"

"काठी सांगती तिथं टाकतो, मावशी."

"मग काठीला सांग, म्हैस गाभण हाय. आज-उद्यात विणार. भिंत पाडल्यावर थंडीत कुठं ठिवू तिला?"

मेघाने लॅपटॉप उघडून पाहिले. सरूबाईंनीही डोकावले.

"ह्यात तर माझा गोठा रस्त्याच्या बाहेर दिसतोय."

"दिसतोय खरा," मेघा म्हणाली.

"आन् जमिनीवर आत?"

मेघा कधी पडद्याकडे बघे, कधी गोठ्याकडे. सर्जेराव मध्ये पडले. "सरूबाई, काठी बोटभर बी चुकत नाय. आभाळातून बघती ती. गोठा मागं सरकवून बांधून देऊ."

"तुमचं घर द्या की सरकवून."

"माझं घर कुठं रस्त्यात येतंय?"

सरूबाईंनी म्हैस बाहेर आणून मला बांधली आणि त्या गोठ्याच्या दारात बसून राहिल्या. जेसीबीने सोंड उचलली होती. म्हैस बिचकून दावे ओढत होती आणि मी हलत होतो. पाथरवटाचे शब्द आठवून मी जमीन घट्ट धरली.

सांडू फक्की टाकत पुढे गेला. आमच्या गावात लहान लेकरालाही ठाऊक आहे, की विहीर आली की वळायचे. पण फक्की वळली नाही. ती विहिरीवरून सरळ पुढे गेली आणि समोरच्या नव्या घराचा ओटा चढली. ते घर सर्जेरावांचे.

"सरपंच," सांडूने हाक दिली, "दार उघडा. रस्ता आत जातोय."

"थांब, थांब. नकाशा चुकलाय."

"आता चुकला व्हय?" सरूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. "आभाळातून बघती म्हणं ती."

माणसे हसली. मेघा हसली नाही. तिने जेसीबीला हाताने थांबवले आणि पुन्हा टेप लावला. या वेळी विहिरीपर्यंत ती स्वतः गेली आणि टेप उलटसुलट करून पाहत बराच वेळ तिथे उभी राहिली. मग परत आली.

"सरपंच, काल तुम्ही तीनशे म्हणालात. तीनशे काय?"

"तीनशे म्हंजी तीनशे."

"फूट?"

"मग काय किलो?"

मेघा माझ्या शेजारी खालीच बसली. टेपच्या एका बाजूला फूट असतात, दुसऱ्या बाजूला मीटर. आमच्याकडे घर, भिंत, बोळ, सगळे फुटातच. म्हणून आकडा सांगितला की कोणी पुढे फूट म्हणत नाही. आराखडा काढणाऱ्यानेही फूट धरले होते आणि तेही कुठे लिहिले नव्हते. यंत्राने मीटर धरले. त्यामुळे रस्ता तिपटीहून मोठा झाला आणि टेपवरच्या तीनशेने त्यालाच साक्ष दिली. खरे होते ते ड्रोनचे चित्र, आणि तेच आम्ही ताणून बसलो होतो, म्हणून पडद्यावर गोठा रस्त्याबाहेर दिसत होता.

"मी कालच विचारायला हवं होतं," मेघा म्हणाली.

"आन् म्या सांगायला," सर्जेराव म्हणाले. मग स्वतःच्या ओट्यावरची फक्की झाडायला गेले.

मेघाने चित्र पहिल्यासारखे केले आणि मला धरून आराखडा लहान केला. नवी फक्की गोठ्याच्या भिंतीबाहेरून गेली आणि विहिरीपाशी गुमान वळली. दोन दिवसांनी म्हैस त्याच गोठ्यात व्याली. रेडी झाली.

मित्रांनो, मी समुद्रात गेलो म्हणतात, गाव फुगले म्हणतात, आकसले म्हणतात. यातले मला अजून नीट कळत नाही. पण प्रत्येक वेळी मेघा पुन्हा माझ्यापाशी आली आणि मी जिथल्या तिथे होतो म्हणून पुन्हा मोजता आले. तेव्हा एवढे ऐका. कोणी आकडा सांगितला तर तो कशाचा ते विचारा. आणि तुमच्या गावाच्या कोपऱ्यात माझ्यासारखा कोणी गवतात उभा असेल, तर त्याला उपटू नका, ओढू नका.

सरूबाईंना हे कोणी सांगितले नव्हते. रेडी झाली त्या सकाळी त्या पहार घेऊन आल्या. माझ्या गळ्यातले दावे सोडले, माझ्यापासून चार हात दूर खुंटा ठोकला आणि म्हैस त्याला बांधली. म्हशीने सवयीने मान झटकली. मी हललो नाही.