चौथ्या खाटेचं वाक्य

"चौथ्या खाटेचा चेहरा फार पिवळा केलायस, बेथन. जरा उतरव," नोरीन म्हणाली.

मेकअपवाली बेथन स्पंज धूत होती. तिने मानही वर केली नाही. "त्यांना मी आज हातच लावलेला नाही. सकाळी इतकी गर्दी होती, ते तसेच गेले आत."

नोरीन सेटवर गेली आणि चौथ्या खाटेवर वाकली. रंग कातडीला फासता येतो, बुबुळाभोवतीच्या पांढऱ्याला नाही. क्लाइव्ह ऑर्मरॉडच्या डोळ्यांतलं पांढरं पिवळंजर्द झालं होतं.

"शॉट लागलाय, सिस्टर," तो हळूच म्हणाला. "बाजूला हो, नाहीतर माझ्याबरोबर तूही टीव्हीवर दिसशील."

लीड्सबाहेरच्या एका जुन्या गालिच्यांच्या गोदामात 'हॉलिन क्रॉस' या रुग्णालयाच्या मालिकेचं चित्रीकरण चाले. हे तिचं एकोणिसावं पर्व होतं आणि शेवटचं. नोरीन टॅटरसॉलने ब्रॅडफर्डला चौतीस वर्षं खरी नर्स म्हणून काढली होती. निवृत्तीनंतर नऊ वर्षं ती इथे सल्लागार होती. सुई कुठे टोचतात, नाडी कुठे बघतात, हे ती नटांना शिकवी.

क्लाइव्हलाही नऊच वर्षं झाली होती. बसवर इन्स्पेक्टर होता, लग्न केलं नाही, कीथलीला बहिणीबरोबर राहायचा. नऊ वर्षं तो ज्युनिअर आर्टिस्ट म्हणून चौथ्या खाटेवर पडून होता. गोष्टीतले रोगी बरे होऊन जात, मरत, पळून जात. मागे अंधुक दिसणारा क्लाइव्ह तेवढा कायम. हल्च्या एका प्रेक्षक बाईंनी पत्र लिहून विचारलं होतं, की चार नंबरच्या माणसाला तुम्ही घरी कधी सोडणार? ते पत्र लेखकांच्या खोलीत भिंतीवर लागलं. शेवटच्या पर्वात त्यांनी त्याला मरण लिहून दिलं आणि मरणाआधी एक वाक्य.

वाक्य मिळणं ही मोठी गोष्ट होती. मागच्या माणसांनी आवाज काढायचा नाही, नुसते ओठ हलवायचे, हा सेटवरचा पहिला नियम. जो बोलला त्याचं नाव शेवटच्या नामावलीत येई. क्लाइव्ह या मुक्या बोलण्यात पटाईत होता. शेजारच्या खाटेशी तो यॉर्कशरच्या गोलंदाजीवर तासभर भांडे आणि ध्वनिमुद्रकाच्या कानात श्वासही जात नसे.

चहाच्या गाडीमागे नोरीनने त्याला गाठलं. पायजम्यावर कोट चढवून तो उभा होता.

"कधीपासून?"

"तीन आठवडे झाले."

"दाखवलंस?"

"दाखवलं. पित्ताच्या नळीवर गाठ आहे. उद्या मंगळवारी आत काहीतरी नळी बसवायला बोलावलं होतं. म्हटलं, गुरुवारी येतो."

"पुढे ढकललंस? डोकं ठिकाणावर आहे का तुझं?"

"बुधवारी माझा सीन आहे, सिस्टर."

"सीन गेला खड्ड्यात."

"नऊ वर्षं आजारी पडून राहिलो. आता मरायची पाळी आली तर म्हणतेस, घरी जा?"

ती हसली नाही. त्याने कप गाडीच्या फळीवर ठेवला. "गाठ जाणार नाही, असं डॉक्टरीणबाईंनी तोंडावर सांगितलंय. नळी घातली की रंग उतरेल, बरं वाटेल, एवढंच. दोन दिवस गप्प राहा, नोरीन."

नऊ वर्षांत तो तिला पहिल्यांदा नावाने हाक मारत होता.

सेटवर कुणी खरंच आजारी दिसलं तर ऑफिसला कळवणं तिचं काम होतं. ऑफिस त्याच तासाला माणूस घरी पाठवी आणि खाटेवर दुसरा आणून निजवी. तुंबलेल्या पित्तात जंतू वाढायला फार वेळ लागत नाही, हेही तिला ठाऊक होतं.

"थंडी वाजली, अंगात ताप आला, तर त्या क्षणी मला सांगायचं."

"सांगेन."

"बहिणीला माहीत आहे? म्युरिएलला?"

"तिला सीन माहीत आहे. तिने सगळ्या गल्लीला सांगून टाकलंय."

नोरीनने ऑफिसला कळवलं नाही.

बुधवारी सगळं वेळेवर सुरू झालं. दिग्दर्शक टोबी मालिकेत नवा होता, बिचारा सभ्य होता. त्याने क्लाइव्हला समजावलं. चहाची ढकलगाडी खाटेजवळून जाईल, तुम्ही डोळे उघडायचे आणि म्हणायचं, 'तो चहा कुणाला नको असेल तर मी घेतो.' नर्स कप भरून मागे वळेल, तोवर तुम्ही गेलेले असाल.

गाडी आली. क्लाइव्हने डोळे उघडले. ओठ हलले. ध्वनिमुद्रकाने हात वर केला.

"काहीच आलं नाही."

"आवाज काढा, क्लाइव्ह!" टोबी ओरडला. "आज मुभा आहे!"

सगळे हसले. दुसऱ्या वेळी गाडी आली, ओठ हलले, शब्द न् शब्द ओठांवर वाचता येत होता. आवाज नव्हताच. या वेळी फारसं कुणी हसलं नाही. क्लाइव्हने तोंडावरून हात फिरवला. "सवय हो. माझं तोंडच माझं ऐकेना."

"काही घाई नाही," टोबी म्हणाला. "पुन्हा घेऊ."

तिसऱ्या वेळी गाडी अर्ध्या वाटेत होती, तेव्हा त्याचा ब्लँकेटवरचा हात हलायला लागला. मग जबडा. मग खाटेचा कठडा खडखडू लागला.

"वा!" टोबी मॉनिटरसमोर कुजबुजला. "बघा, बघा काय करतोय म्हातारा. थांबू नका."

नोरीनला ती थंडी ओळखता आली. क्लाइव्ह गाडीकडे बघत नव्हता, तिच्याकडे बघत होता. आणखी जरा वेळ मागत होता. त्याने बोलायला तोंड उघडलं, आणि ती चालू कॅमेऱ्यासमोर सरळ आत गेली.

"बंद करा. ॲम्ब्युलन्स बोलवा."

एक जण धावत बाहेर उभ्या असलेल्या मालिकेच्या ॲम्ब्युलन्सकडे गेला.

"खरी!" नोरीन ओरडली.

स्ट्रेचरवर बांधताना क्लाइव्हचे दात वाजत होते. तरी तो बोलला आणि सगळ्या सेटला ऐकू गेलं. "दोन मिनिटं थांबली असतीस."

शुक्रवारी शहरातल्या खऱ्या रुग्णालयात तो वारला. म्युरिएलने फोनवर सांगितलं, रक्तात विष भिनलं होतं. मंगळवारी आला असता तर नाताळापर्यंत सहज राहिला असता, असं डॉक्टर म्हणाले. मंगळवारचं त्याने मला काही सांगितलं नाही बघ, असंही ती म्हणाली. नोरीनने अंत्यविधीची वेळ लिहून घेतली.

ऑक्टोबरात तो भाग लागला, तेव्हा म्युरिएलने तिला कीथलीला बोलावलं. म्युरिएलला कमी ऐकू यायचं. तिने रिमोट मांडीवरच ठेवला होता. त्यांनी दुसऱ्या वेळचं चित्र वापरलं होतं. चहाची गाडी आली. क्लाइव्हने डोळे उघडले.

"थांब, आवाज वाढवते," म्युरिएल म्हणाली. गाडीची चाकं घरभर वाजायला लागली. क्लाइव्हचे ओठ हलले. म्युरिएलने आणखी वाढवला. शेजारच्या खाटेच्या मशीनची टिकटिक खिडकीच्या काचांत घुमली. नर्स मागे वळली, तिने कप खाली ठेवला.

"झालं? काय म्हणाला गं?"

"तो चहा कुणाला नको असेल तर मी घेतो, म्हणाला."

"मोठ्याने?"

"हो. अगदी स्पष्ट."

म्युरिएलने मान हलवली. "घरी कधी मागितला नाही. स्वतः उठून करायचा, मलाही द्यायचा."

शेवटचं संगीत सुरू झालं. नामावली भराभर वर सरकू लागली. म्युरिएल चष्मा लावून टीव्हीच्या अगदी जवळ गेली आणि काचेवर बोट ठेवून नावं वाचायला लागली. त्यात क्लाइव्हचं नाव नव्हतं. बोलला नाही त्याचं नाव लागत नाही.

"म्युरिएल, मला सोमवारीच कळलं होतं," नोरीन म्हणाली.

"आं?" म्युरिएल बोट काचेवर तसंच ठेवून वळली.

नोरीनने खुर्चीवरचा रिमोट उचलला, आवाज पूर्ण बंद केला आणि तेच पुन्हा म्हटलं.