शेपटीवरचा लाल पक्षी

"आता हात लावू नकोस," भाऊजी म्हणाले.

ताईने कुंचला बाजूला ठेवला आणि दोन्ही हात मांडीवर घेतले. टेबलावर वीतभर लांबीचं, टपाल वाहणारं जुन्या काळचं विमान उभं होतं. त्याच्या शेपटीवर नुकताच चिकटवलेला लाल पक्षी आमच्या डोळ्यांदेखत चुरगळायला लागला होता. मला वाटलं, झालं, गेली मेहनत पाण्यात.

"चुरगळतोय ना?" भाऊजींनी विचारलं.

"चुरगळतोय."

"मग बरोबर आहे."

त्यांना विचारावं लागत होतं, कारण तो पक्षी त्यांना दिसत नव्हता. नजरेच्या ऐन मधोमध काळा डाग पडला होता. कडेकडेचं दिसायचं, त्यामुळे रस्त्याने ते नीट चालायचे, चार लोकांत खपून जायचे; पण ज्या वस्तूकडे रोखून बघावं नेमकी तीच गायब व्हायची. हे डॉक्टरांना, ताईला आणि मला ठाऊक होतं. मॉडेलवाल्यांच्या क्लबात याचा कुणाला सुगावा लागू द्यायचा नव्हता. तिथे त्यांना उस्ताद म्हणत. विमा कचेरीत जन्मभर फायली सरकवणाऱ्या माणसाला दुसरं कोण उस्ताद म्हणणार होतं?

मी ताईची धाकटी बहीण. दोन गल्ल्या सोडून राहते, दुपारी येऊन बसते. जिभेला हाड नाही अशी माझी ख्याती आहे आणि ती मी जपून ठेवली आहे. ताईच्या घरी मात्र मला पुष्कळदा जीभ आवरावी लागते.

त्या घरात सर्वांत जास्त बोललं गेलेलं वाक्य म्हणजे 'हात लावू नकोस'. बाहेरच्या खोलीत भिंतभर काचेची कपाटं, आत विमानं, जहाजं, आगगाडीची इंजिनं. ताईने काच बाहेरून पुसायची, आत फडकं न्यायचं नाही. भाची लहान असताना तिच्याकडून एका जहाजाची डोलकाठी मोडली, तर भाऊजींनी कित्येक दिवस पोरीशी अबोला धरला. ती आता दूर असते. फोन करते तो ताईला करते.

आणि हात तरी कुणाचे, तर ताईचे. ताई इस्पितळात रक्त काढायची. तान्ह्या बाळांच्या शिरा सापडत नाहीत, सुई इकडची तिकडे झाली की पोर रडून काळंनिळं होतं. बाळांच्या आया दारातूनच विचारायच्या, त्या बाई आहेत का आज? त्या बाई म्हणजे माझी ताई. घरी येऊन तीच बाई नवऱ्याच्या कपाटापासून हातभर लांब उभी राहायची.

डोळे गेले तेव्हा भाऊजींना ते हात आठवले. विनंती वगैरे केली नाही. "तुझा हात स्थिर आहे म्हणतात," एवढंच बोलले आणि सुटे भाग भरलेली पेटी तिच्यापुढे सरकवली. ते सांगत गेले, ती करत गेली. तुकडे जोडले, कानस मारली, रंग दिला. खोटं कशाला बोलू, ते शिकवायचे छान. ताई म्हणायची की आम्ही दोघं एका टेबलाशी इतका वेळ कधी बसलोच नव्हतो. हे सांगताना ती नव्या नवरीसारखी लाजायची आणि मला तिचा राग यायचा.

शेवटचं काम डिकॅलचं. डिकॅल म्हणजे कागदावर छापलेला पातळ पापुद्रा. पाण्यात भिजवला की कागदावरून सुटतो आणि चित्र अलगद विमानावर सरकवता येतं. पण शेपटीवर बारीक रेघा कोरलेल्या असतात. त्यांच्यावर पापुद्रा ताठ राहतो, खाली हवा धरतो आणि लांबूनही चिकटवलेला कळतो. म्हणून तो मऊ करायला एक पातळ, उग्र वासाचं द्रावण लावायचं. भाऊजी त्याला औषध म्हणत. "रोग्याला विचारलंत का?" असं ताईने पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि भाऊजी चक्क हसले होते.

औषधाचे नियम त्यांनी तिच्याकडून पाठ करून घेतले. रंगावर आधी चकचकीत व्हार्निशचा हात द्यायचा आणि तो पुरता वाळू द्यायचा, नाहीतर औषध रंगच खातं. पंखाच्या पोटाशी, कुणी बघणार नाही अशा जागी, एक थेंब लावून अंदाज घ्यायचा. खिडकी उघडी ठेवायची, बाटलीचं झाकण लगेच लावायचं. आणि पापुद्रा चुरगळला की घाबरायचं नाही. सुकता सुकता तो आपला आपण रेघांत बसतो, रंगवल्यासारखा दिसतो. तोवर बोट लावायचं नाही. तेवढ्या वेळात तो ओल्या सायीइतका नाजूक असतो.

शेपटीच्या उजव्या बाजूचा पक्षी ताईने आदल्या दिवशी बसवला होता. मी चष्मा लावून पाहिला. कुठे कड दिसेना, की फुगवटा. आज डावा. दुसऱ्या दिवशी क्लबाचं प्रदर्शन. प्रत्येक मॉडेलपुढे करणाऱ्याच्या नावाचं कार्ड ठेवतात, आणि भाऊजी ताईला म्हणाले होते, "या वेळी कार्डावर दोघांची नावं घालू." ताईने मला हे दोनदा सांगितलं होतं. प्रदर्शनात नेसायची साडी काढून इस्त्री करून ठेवली होती. एवढ्याशा कार्डासाठी बाई मोहरून गेली होती, आणि ते कार्ड तिला मिळावं असं मलाही मनापासून वाटत होतं.

दाराची घंटा वाजली. इस्त्रीवाला होता. ताई उठून गेली. मी पाण्याचा पेला घेऊन स्वयंपाकघरातून येत होते, तेव्हा भाऊजी टेबलावर वाकलेले दिसले. मान तिरपी करून कडेच्या नजरेने शेपटी शोधत होते. मग त्यांनी अंगठा पुढे केला आणि पक्ष्यावर टेकवला. जन्मभर घरादाराला हात लावू नका म्हणणाऱ्या माणसाने, बसला की नाही हे बघायला, अंगठा टेकवला आणि हलकेच फिरवला.

पक्ष्याचं डोकं गेलं. एक पंख मानेजवळ गोळा झाला.

ताई आत आली. भाऊजींनी हात केव्हाच मांडीवर घेतला होता. त्यांच्या बोटाला कळलंच असणार.

"अगं, मघाशी कुंचला लागला वाटतं तुझा," ते म्हणाले. "तरी सांगत होतो, हात लावू नकोस."

ताईने शेपटीकडे पाहिलं. मग त्यांच्या अंगठ्याकडे. अंगठ्यावर, नखाच्या कडेला, लाल पापुद्रा चिकटला होता. तो त्यांना दिसणं शक्यच नव्हतं. माझं तोंड उघडलेलं बघून ताईने नुसती मान हलवली.

नंतर स्वयंपाकघरात मी तिला फाडून खाल्लं. बोलली का नाहीस?

"काय बोलू? तुम्हाला दिसत नाही, म्हणून तुम्ही बोट घातलंत, असं?"

"हो, असंच."

"ते त्यांना माहीत आहे गं," ताई म्हणाली आणि नळ सोडला.

प्रदर्शनात विमान मधल्या टेबलावर होतं. पुढे कार्ड होतं आणि कार्डावर एकट्या भाऊजींचं नाव होतं. ताईने ते वाचलं, पर्स या हातातून त्या हातात घेतली. लोक गोळा झाले. उजव्या बाजूने बघणारे म्हणत होते, वा उस्ताद, पक्षी काय बसलाय, हात आहे की काय आहे. भाऊजी मान झुकवून ते घेत होते. मग कुणीतरी फिरून डावीकडे गेलं आणि गप्प झालं.

"तो होय," भाऊजी हसून म्हणाले. "तो आमच्या मंडळींनी बसवला. हौस! म्हटलं, करू दे."

सगळे हसले. एक जण ताईला समजुतीने म्हणाला, "वहिनी, ओलं असताना हात लावायचा नसतो."

"हो ना," ताई म्हणाली.

क्लबाचे जुने सेक्रेटरी तेवढे हसले नाहीत. भाऊजी ज्या अंगठ्याने शेपटी दाखवत होते, त्याच्या नखाच्या कडेला अजून लाल धागा होता. सेक्रेटरींनी तो पाहिला, ताईकडे पाहिलं आणि पुढच्या टेबलाकडे निघून गेले. मला त्या हसणाऱ्यांपेक्षा या माणसाची जास्त चीड आली.

पुढच्याच आठवड्यात भाऊजींनी नवी पेटी आणवली. मी गेले तेव्हा ताई स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी मटार सोलत बसली होती. भाऊजी टेबलाशी होते. चाचपडत त्यांनी रंग, कुंचले, औषधाची बाटली असं सगळं मांडलं.

"ये, बसू या," त्यांनी हाक मारली.

"मी नाही हात लावणार," ताई म्हणाली. आवाज नेहमीचाच, भाजी निवडताना असतो तसा.

"म्हणजे? अगं, ते त्या दिवशीचं... होतं असं एखाद्या वेळी. मी काही मनात ठेवलेलं नाही."

ताईने शेंग सोलली, दाणे पातेल्यात टाकले. भाऊजी वाट बघत राहिले. मग त्यांनी एकट्यानेच बाटली उघडली, आणि झाकण ठेवायला गेले ते टेबलाच्या कडेवरून खाली पडून कुठेतरी घरंगळत गेलं. ते वाकून जमिनीवर हात फिरवायला लागले. झाकण त्यांच्या अगदी पुढ्यात होतं. उग्र वास खोलीभर पसरला.

मी उठणार होते. त्याआधी ताई उठली. पदराला हात पुसले, टेबलाला वळसा घालून गेली आणि खिडकी सताड उघडली. झाकणाकडे तिने बघितलंही नाही. परत येऊन बसली आणि पुढची शेंग हातात घेतली.