तिसऱ्या वर्षाचं मोजमाप

"फुक मावशी. अजून. अजून थोडं. थांबू नको."

मंगलीनं नळीत होता नव्हता तेवढा श्वास सोडला आणि खोकत खाली बसली. राइस मिलच्या मागच्या शेडमध्ये जेवणाची सुट्टी चालू होती. दिव्यानीनं श्वास मोजायच्या यंत्रावरचा आकडा पाहिला. दीड वर्षापूर्वी एक पॉइंट नऊ लिटर होता, आज एक पॉइंट चार.

"किती आला?"

"कमी झाला, मावशी."

"मलेबी माहीत आहे कमी झाला म्हून. जिना चढाले होत नाई. तू कागद कधी देतं तेवढं सांग. मिलच्या भुश्यानं झालं असा."

दिव्यानी खोब्रागडे नावापुढे डॉक्टर लावत असे, पण ती औषधं देणारी डॉक्टर नव्हती. कामगारांच्या आरोग्यावर पीएचडी करून तिनं पुढच्या संशोधनासाठी फेलोशिप मिळवली होती. मूल गावातल्या याच मिलमध्ये तिची आई इंदुताई मंगलीच्या जोडीनं अठरा वर्षं भुसा ओढत होती. बावन्नाव्या वर्षी धाप लागून गेली. दाखल्यावर 'दमा' एवढंच लिहिलं होतं.

परवा दिल्लीहून फेलोशिप देणाऱ्यांचं पत्र आलं होतं. तिसऱ्या वर्षाचा निधी मंजूर नाही. विषयाला प्राधान्य नाही. यंत्र उद्या संध्याकाळपर्यंत नागपूरला जमा करायचं होतं. तीन वर्षं ओळीनं मोजल्याशिवाय फुप्फुसांची घसरण सिद्ध होत नाही, असं याच लोकांनी पहिल्या वर्षी तिला बजावलं होतं. पुन्हा अर्ज करायला वयाची अट आडवी येत होती. तिनं चार संस्थांना लिहिलं. दोघांनी नकार कळवला, दोघांनी काहीच कळवलं नाही.

इतक्यात मालक श्रीहरीभाऊंनी तिला ऑफिसात बोलावलं. तिथे पंखा होता, काचेची खिडकी बंद होती. त्यांनी स्वतः पाण्याचा ग्लास पुढे केला.

"मॅडम, तुमचा पैसा बंद झाला म्हणते ना?"

"हो."

"आमची मिलवाल्यांची संघटना आहे. एका वर्षाचं आमी पाहून घेऊ. मशीनबी घेऊन देऊ. फक्त रिपोर्टात चुलीचं लिवा. ह्या बायका घरी चुलीवरच रांधते. धुरानं छाती जाते, हे खोटं आहे काय?"

खोटं नव्हतं. दिव्यानीनं ग्लास हातात घेतला. एक वाक्य लिहिलं की तिसरं वर्ष हातात येत होतं. आकडे पूर्ण होतील, मग पुढे कधीतरी खरं छापता येईल, असंही तिच्या मनात येऊन गेलं.

पण तिच्या वहीत आणखी पस्तीस बायका होत्या. याच वस्तीतल्या, याच वयाच्या, चुलीवरच रांधणाऱ्या, फक्त मिलमध्ये न येणाऱ्या. त्यांचा श्वास दीड वर्षात जवळपास होता तिथेच होता.

"भाऊ, मिलमध्ये न येणाऱ्या बायकांकडंही चूल आहे," ती म्हणाली. "त्यांची छाती नाही गेली."

श्रीहरीभाऊंचा आवाज चढला नाही. "बरं. मंग उद्यापासून इकडे येऊ नका. गेटवर सांगून ठेवतो."

ती शेडमध्ये परतली, तेव्हा बायका डबे धूत होत्या. तिनं मंगलीला सगळं सांगितलं: पत्र आल्याचं, यंत्र परत जाणार असल्याचं, मालकाशी झालेलं बोलणंही. मंगलीनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"मंग माया कागद?"

"भुश्यानं झालं असं मले लिवता येत नाई, मावशी. मोजणं अर्धंच राह्यलं."

"जेवढं मोजलं तेवढं तं लिव."

दिव्यानीनं वहीचं पान फाडलं. मंगली गेडाम, वय एकोणपन्नास, मिलमध्ये एकवीस वर्षं. खाली दोन तारखा, दोन आकडे आणि स्वतःची सही. लिहिताना पेन दोनदा कागदातून आरपार गेला.

"याले कोणी मानणार नाई, मावशी. कोर्टातबी नाई, दवाखान्यातबी नाई."

"असू दे. मायं नाव लिवून कोणी मोजलं तं." मंगलीनं कागदाची घडी करून ब्लाउजमध्ये ठेवली. मग जरा थांबून म्हणाली, "इंदूचाबी एक लिवून ठेव ना. आमी संगच होतो."

"आईचं कोणी मोजलंच नाही, मावशी."

मंगलीनं दिव्यानीच्या पाठीवरून एकदा हात फिरवला.

भोंगा वाजला. बायका उठल्या आणि ओळीनं आत निघाल्या. मंगली सर्वांत पुढे होती. पोत्यांच्या थप्पीपाशी तिला धाप लागली, आणि थप्पीला हात टेकून ती उभी राहिली. वाट रुंद होती, बाजूनं जाता आलं असतं. मागच्या सगळ्या बायका तिथेच थांबून राहिल्या. तिचा श्वास सावरल्यावर ती चालू लागली, तेव्हा त्याही तिच्या मागोमाग आत गेल्या.