ती थांबते तिथे

वर्ग खदाखदा हसत होता आणि भीमराज मात्र थांबायला तयार नव्हता. बाकं मागे सारून केलेल्या मोकळ्या जागेत तो उभा होता. "घर न्या, गुरं न्या," तो म्हणाला, आणि डोक्यावर नसलेला पदर त्याने कानामागे सारला. मग मान किंचित कलती करून तो थांबला. बराच थांबला. "सावली कशी न्याल?"

पोरं बाकं बडवायला लागली. पदर सारणं, मान कलती करणं, ते थांबणं, सगळं इंदूचं होतं. इंदूचे कान तापले. ती उठून सरळ बाहेर गेली.

१९७३ सालच्या स्नेहसंमेलनासाठी मराठीच्या सुमनताईंनी स्वतःच एकांकिका लिहिली होती. धरणाखाली जाणाऱ्या गावातून हलायला नकार देणारं एक म्हातारं माणूस. म्हातारा की म्हातारी, ते बाईंनी ठरवलंच नव्हतं. जो चांगलं करेल त्याचं काम. पाचवीपासून शाळेतलं अभिनयाचं बक्षीस इंदूचं होतं. खडकीहून आलेल्या भीमराजने ते मागच्या वर्षी नेलं, आणि तेव्हापासून दोघं एकमेकांशी भांडण्यापुरतंच बोलत होते. गेला महिनाभर दोघंही एकच भाषण पाठ करत, एकमेकांचं ऐकत होते.

तो नळाजवळ तिला गाठायला आला.

"मुद्दाम केलंस ना? चारचौघांत?"

"न्हाई केली नक्कल. शपथ." त्याचा चेहरा उतरला होता. "रोज तुझं ऐकून तसंच यायला लागलं. माझं आधी कसं होतं, तेच आठवंना."

इंदूने तोंडावर पाणी मारलं आणि ती निघून गेली. घरी भाकरी थापताना ती भाषण पुटपुटत होती, आणि 'सावली' हा शब्द तिने आवाज खाली सोडून म्हटला. तिचे हात थांबले. ते त्याचं होतं. कुणी कुणाचं उचललं होतं? तिला राग यायला हवा होता. तो येत होता की दुसरंच काही, याचा तिला अंदाज लागेना.

काम इंदूला मिळालं. भीमराजला बाईंनी विंगेत प्रॉम्प्टर म्हणून उभं केलं. तो कुरकुरला नाही, त्याचंही तिला नवल वाटलं.

प्रयोगाला मांडव गच्च भरला होता. शेवटच्या भाषणात "गुरं न्या" म्हणून इंदूने पदर सारला आणि पुढचं सगळं पुसून गेलं. एक शब्द आठवेना. तिने विंगेत पाहिलं. भीमराज तिच्याकडेच बघत होता. ओठ मिटलेले, देवळात कीर्तन ऐकावं तसा. मांडवात कुणी खोकलंसुद्धा नाही. आता रडू फुटणार, असं वाटत असतानाच शब्द आपोआप तोंडात आला.

टाळ्या थांबेनात. पडद्यामागे येताच तिने त्याला धरलं.

"शब्द का दिला नाहीस? मी विसरले होते!"

"विसरलीस?" तो पांढराफटक पडला. "मला वाटलं, तू थांबलीस. थांबतेस ना तिथं."

"एवढा वेळ?"

"मला वाटलं, आज लईच झ्याक चाललंय."

ती संतापून रडायला लागली आणि रडता रडता हसली. त्यानंतर दोघांचं भांडण मिटलं आणि पंचाईत झाली. भांडण होतं तोवर बोलायला विषय तरी होता.

मॅट्रिक झाल्यावर तो आयटीआय करून भोसरीच्या एका कारखान्यात टर्नर झाला, ती नर्सिंगला गेली. कामगारांच्या नाट्यस्पर्धेत दोघं एकत्र काम करत. तालमीनंतर तो तिला चिंचवडच्या नाक्यापर्यंत सोडायचा आणि दोघंही नाटकाबद्दलच बोलायची. अशी वर्षं गेली. एकदा नाक्यावर तो म्हणाला, "इंदू, हे काय आहे आपलं?"

"मला कुठं माहीत?"

"मग लग्न करायचं का?"

"ही काय विचारायची पद्धत झाली?"

"मला पाठ न्हाई काही," तो म्हणाला. इंदूने मान खाली घातली, आणि हो म्हणून हलवली.

तिने घरी सांगितलं तेव्हा तिचे वडील हिंदुराव जेवत होते. साताऱ्याकडून येऊन त्यांनी कंपनीत फिटर म्हणून उमर घालवली होती. आई तोंडाला पदर लावून म्हणाली, "बौद्धाच्या घरात? गावाकडं काय सांगायचं?" हिंदुराव हात धुऊन उठले. पुढे कितीतरी दिवस ते तिच्याशी बोलले नाहीत. इंदू त्यांचा डबा भरायची, ते उचलून निघून जायचे. त्यांना राग आलाय की दुःख झालंय, हेही तिला कळत नव्हतं.

एका शनिवारी पहिल्या शिफ्टवरून आल्यावर ते दारातूनच म्हणाले, "चल. त्या पोराचं घर दाव."

ती निघाली. वाटेत तिने दोनदा विचारलं, "काय बोलणार आहात, आबा?" ते पुढे चालत राहिले.

पिंपरीच्या चाळीत भीमराजच्या आई, चतुराबाई, दारात तांदूळ निवडत होत्या. इंदूला पाहून उठल्या, मागच्या माणसाला पाहून थबकल्या. पदर सावरून म्हणाल्या, "या की आत, भाऊ."

हिंदुराव उंबऱ्याशी उभे राहिले. शेजारच्या दारांतून माणसं डोकावली. आतून भीमराज आला, त्याने इंदूकडे पाहिलं. तिलाही काही माहीत नव्हतं.

मग हिंदुराव खाली वाकले. पायांत कंपनीचे बूट होते, तेलकट नाड्यांच्या गाठी घट्ट बसलेल्या. बोटांना त्या सुटेनात. भीमराज पटकन पुढे झाला, पण त्यांनी हात करून त्याला अडवलं.

"राहू द्या," हिंदुराव म्हणाले. "माझं मी काढतो. मग येतो आत."

आणि ते तिथेच उंबऱ्यावर टेकले, एकेक गाठ सावकाश सोडवत.