गोजराबाईंचं मौन

“आई, तिच्याशी आपली बोली बोलू नकोस. गोंधळ होतो तिचा. शाळेनं सांगितलंय, घरात एकच भाषा पायजे, इंग्लिश.”

लेकाचे, हितेशचे, हे शब्द गोजराबाईंच्या कानांत रोज एकदा तरी उमटत. जुईनगरच्या आपल्या घराच्या ओटीवर जवळा निवडत बसल्या असताना आजही ते उमटले. समोर नात, हितांशी, उकिडवी बसून जवळ्यातला काडीकचरा वेचत होती आणि एकेक काडी आजीच्या तळहातावर ठेवत होती. आजीनं मान हलवली की ती हसायची. दोघींचं बोलणं एवढंच.

गोजराबाई धवलारीण. आगरी लग्नातले विधी धवले ही लग्नगीतं गाऊन पार पाडणारी बाई. आसपासच्या गावांतली कित्येक लग्नं त्यांच्या गळ्यानं लागलेली. लेकानं बोली बंद करायला सांगितली तेव्हा त्या रागावल्या नाहीत. उलट एकवीरेपुढं नारळ ठेवून नवस बोलल्या, पोर बोलती होईपर्यंत तिच्यासमोर मी तोंड उघडणार नाही. गावच्या बायका त्यांच्या पाया पडल्या. व्रत म्हणजे काहीतरी सोडणं, हे आपल्याला लहानपणीच कळतं. जे सोडतोय ते कोणाच्या वाट्याचं आहे, हे विचारायचं मात्र राहून जातं.

हितेश ऐरोलीला एका कंपनीत कामाला होता. त्याची बायको सुचिता मराठी शाळेत शिकलेली. दोघांनाही इंग्रजीत हुकूम येत, लाड येत नसत. ‘कम’, ‘सिट’, ‘ईट’, ‘नो’. लेकीला मांडीवर घेतलं की सुचिताच्या ओठांवर जे यायचं ते मराठीत यायचं, आणि ती ते गिळून टाकायची. उरलेली जागा मोबाइलनं भरली. चार वर्षांची झाली तरी हितांशीचे शब्द मोजकेच राहिले.

त्या संध्याकाळी हितेशच्या बहिणीला, शुभदाला, बघायला उरणकडची माणसं येणार होती. हितेश दुपारीच म्हणाला की हितांशीला आतल्या खोलीत ठेवू. न बोलणारी पोर दिसली तर म्हणतील, रक्तातच काहीतरी आहे. एका संध्याकाळचा तर प्रश्न आहे. सुचिताला ते पटलं नाही. पण ‘आईनं लक्ष दिलं नाय’ हे ऐकून ऐकून ती इतकी थकली होती की भांडायची ताकद उरली नव्हती. तिनं लेकीच्या हातात मोबाइल दिला, “फिंगर ऑन लिप्स” म्हणत तिचं बोट तिच्याच ओठांवर ठेवलं आणि बाहेरून कडी घातली.

पाहुणे मोकळ्या स्वभावाचे होते. मुलाची आई पोहे खाता खाता गोजराबाईंना म्हणाली, “धवलारीण बाय, लोकांच्या पोरी गाऊन गाऊन सासरी धारल्या. सोताच्या पोरीच्या येलेला गाल का रराल?” गाणार की रडणार, या प्रश्नावर सगळे हसले. मग तिनं सहज विचारलं, तुमची नात कुठं दिसत नाही?

“आजोळी गेलीय,” सुचिता म्हणाली. तिनं सासूकडं पाहिलं. गोजराबाईंनी मान डोलावली. पोर समोर नव्हती, तिथं नवसही आड येत नव्हता. तरी त्या गप्प राहिल्या.

पाहुणे गेल्यावर सुचितानं कडी काढली. हितांशी खिडकीखाली बसली होती. सरकत्या काचेत तिची बोटं चेंगरली होती, एक नख उखडलं होतं, फ्रॉक रक्तानं माखला होता. गाल रडून रडून सुजलेले. आवाज मात्र नाही. दुसऱ्या हाताचं बोट तिनं अजून ओठांवर दाबून धरलं होतं.

सुचिता दारातूनच हितेशला हाका मारू लागली. गोजराबाई मात्र धावल्या.

“काय झाला गो बाय? दाखव माना.”

हितांशीचे हुंदके थांबले. आजीला आवाज आहे, हे ती विसरूनच गेली होती. तिनं ओठांवरचा धड हात उचलला आणि आजीच्या गळ्यावर ठेवला, हे कुठून आलं ते चाचपत.

दवाखान्यात डॉक्टरबाईंनी मलमपट्टी करताना तिला नाव विचारलं. ती बोलेना, तेव्हा हितेशनं घरचा नियम समजावून सांगितला. आम्ही दोघं इंग्लिशच बोलतो, आईनं तर तिच्यासमोर बोलणंच सोडलंय. सांगताना त्याच्या आवाजात थोडा अभिमानही होता.

डॉक्टरबाईंनी वर पाहिलं. “मग हिच्याशी गप्पा कोण मारतं?”

दोन भाषांनी मूल मागं पडत नाही, त्या सांगत होत्या. आधी कान तपासा, वाणीतज्ज्ञांकडं न्या, आणि घरात प्रत्येकानं आपल्याला येते त्याच भाषेत तिच्याशी भरपूर बोला. हितेश फरशीकडं बघत ऐकत होता.

घरी आल्यावर गोजराबाई देव्हाऱ्यासमोर बसल्या. तिथूनच लेकाला म्हणाल्या, “एकवीरा आईनं माना गप रव असा सांगतला नव्हता. तो माजा मोठेपना व्हता.”

तेवढ्यात उरणहून फोन आला. मुलगी पसंत होती. बोलणं संपवून शुभदानं फोन भावाच्या हातात परत दिला.

“दादा, मला हे लग्न असं नको. कोंडलेल्या पोरीवर माझं लग्न जमलेलं मला नको.”

“अगं, मोडेल.”

“मोडू दे. उद्या तिला घेऊन त्यांच्याकडं जा. सांग, ही माझी मुलगी, तेव्हा ती घरातच होती. जाशील?”

हितेशनं मान वर केली नाही. “जातो,” म्हणाला.

आपल्यापैकी कितीजणांच्या घरी पाहुणे आले की एखादं दार बाहेरून लागतं, हे देव बघतोच. आपणही जाणतो.

सकाळी सुचितानं लेकीची वेणी घातली. लेकीशी बोलताना सुचिता अडखळत होती, मराठीतसुद्धा; सवयच उरली नव्हती. हितेशनं कोणी आठवण करायची वाट न बघता स्कूटर बाहेर काढली, हितांशीला पुढं उभं केलं, पट्टी बांधलेला हात जपून धरायला लावला. गावाबाहेर खाडी लागली तेव्हा त्यानं घसा साफ केला.

“ही खारी बग, बाय. हतं तुजे पणजोबांचा मिठागर व्हता.”

ती पाण्याकडं बघत राहिली, बोलली नाही. तो थांबला नाही. बगळा दाखवला, होडी दाखवली, आणि बोलत बोलत उरणच्या रस्त्याला लागला.