पाणी टाकायचं कुठे?

आपण उपसतो ते पाणी जातं कुठे? मी थोरल्याला विचारलं, मावशींना विचारलं. कुणीच सांगितलं नाही.

मी गल्लीतला धाकटा पंप बोलतोय. माझं शिक्षण बटणावरच्या ‘चालू’ आणि ‘बंद’ या दोन शब्दांपुरतं. थोरला पंप आणि मी एकाच टेम्पोतून इथे आलो. तो गुपचूप सुरू व्हायचा. मी मात्र खोकत, पत्र्याची शेड हादरवत. “धाकट्या, नखरे बंद कर!” म्हणत मावशी मला लाथ घालायच्या. आम्हाला चालवणं ही त्यांची नोकरी, आणि शेडसमोरची तळमजल्याची खोली हे त्यांचं घर.

पाऊस कोसळला की त्या खोलीत पाणी शिरायचं. आम्ही ते ओढून मागच्या गटारात फेकायचो. गटार आधीच तुडुंब. तेच पाणी वळसा घालून पुन्हा मावशींच्या उंबऱ्यावर! आणि लोक म्हणायचे, “आणखी मोठा पंप आणा.”

गेल्या पावसाळ्यात थोरल्याची जाळी प्लॅस्टिकच्या पिशव्यांनी तुंबली. तरी वेडा ओढत राहिला आणि जळाला. भंगारवाला त्याला घेऊन गेला. त्याचे बोल्ट अजून माझ्या शेजारी जमिनीतून वर आलेत. मला ते बघवत नाहीत.

मग पालिकेच्या इंजिनिअरबाई आल्या. म्हणाल्या, “तुमचं पार्किंग म्हणजे बुजवलेलं तळं आहे. ते पुन्हा खोदू, नाहीतर ही घरं रिकामी करावी लागतील.”

“मग गाड्या काय डोक्यावर लावायच्या?” वरच्या मजल्यावरचे काका कडाडले.

“भाऊ, गेल्या वर्षी तुमची गाडी तरंगत माझ्या दारात आली,” मावशी म्हणाल्या, “मी भाडं मागितलं का?”

काकासुद्धा हसले. तळं खोदलं गेलं.

आता मला इथून हलवणार आहेत. हलवा खुशाल. फक्त ते तळं पुन्हा बुजवू नका. थोरला उगाच गेला असं होईल.

काल धो धो पाऊस झाला. गल्लीतलं पाणी आपसूक तळ्यात उतरलं. मावशींच्या दारापुढच्या खळग्यात तेवढं थोडं साचलं. त्यांनी माझा पाणी फेकायचा पाइप गटाराऐवजी तळ्यात सोडला. लाथ घातली नाही. “चल रे बाळा,” म्हणाल्या.

मी न खोकता सुरू झालो, थोरल्यासारखा. ते सगळं पाणी ओढून मी तळ्यात टाकलं. मावशी उंबऱ्यावर बसून वाट बघत राहिल्या. पाणी परत आलं नाही. मग त्यांनी मला बंद केलं.