तबला लागेपर्यंत

शरयूताई मेकअप रूममध्ये खुर्चीवर बसल्या होत्या आणि पाणी त्यांच्या गळ्यापर्यंत आलं होतं. पाणी त्यांच्यापुरतंच होतं. शेजारच्या खुर्चीवर ठेवलेली गायिकेची इस्त्रीची साडी अगदी कोरडी होती.

"मागच्या महिन्यात कमरेशी होतं," त्या म्हणाल्या. "सांगलीचा कार्यक्रम झाला आणि इथवर आलं."

निवेदक अरविंद मुळगुंदांनी मान खाली घातली. सांगलीला त्यांनी किस्सा जरा जास्तच रंगवला होता.

किस्सा होता 'ये गं वर, पान वाढलंय' या गाण्याचा. कवी भार्गव खांबेट्यांची मुलगी विहिरीत बुडाली, बाप काठावर बसून तिला हाका मारत राहिला आणि त्या हाकांचं गाणं झालं, हे आता शेंबडं पोरही सांगतं. खरं म्हणाल तर ही मुलगी, म्हणजे शरयू, पट्टीची पोहणारी. त्या दुपारी ती विहिरीतून बाहेर यायलाच तयार नव्हती. मुलीशिवाय जेवायला बसायचं नाही ही खांबेट्यांच्या घरची रीत, आणि बापाला तर सपाटून भूक लागलेली. गाणं झालं ते एवढ्यावर. पुढे कधीतरी एका कार्यक्रमात तबलजी हातोडी घेऊन तबला लावत बसला. तो काही केल्या लागेना. तोवर काहीतरी बोलायचं म्हणून मुळगुंदांनी मुलगी बुडवली. सभागृह असं काही हळहळलं की पुढच्या वेळी तबला लागलेला असूनही त्यांनी ती बुडवली, आणि मग बुडवतच राहिले.

"तुम्ही माझ्यावर रागावला असाल," मुळगुंद म्हणाले.

"रागावून काय करू? मी वर आले होते हो. जेवलेसुद्धा. वांग्याची भाजी होती. तेवढं आज लोकांना सांगा, म्हणजे पाणी उतरेल."

"नक्की सांगतो, ताई."

"दर वेळी नक्कीच म्हणता."

मुळगुंदांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण गळ्यापर्यंत पाण्यात बसलेल्या बाईंसमोर तसं म्हणायचीही त्यांना लाज वाटली.

कार्यक्रम सुरू झाला. शरयूताईंना पहिल्या रांगेत बसवलं होतं. त्यांचा पदर पाण्यावर तरंगत शेजारच्या गृहस्थांच्या मांडीवर जात होता आणि ते तो निमूटपणे परत करत होते. त्या गाण्याची पाळी आली तसे लोकांनी आधीच रुमाल काढले. मागे तबलजी हातोडीने ठोकत होता.

"रसिकहो," मुळगुंद म्हणाले, "ती मुलगी बुडाली नाही. ती वर आली. बापाच्या शेजारी बसून जेवली."

रुमाल हवेतच थांबले. मग कोणीतरी हुंदका दिला.

"म्हणजे बिचाऱ्याला तसं दिसत होतं," पदर परत करणारे गृहस्थ बायकोला म्हणाले.

"खरंच आली," मुळगुंद म्हणाले. "वांग्याची भाजी होती."

भाजीचं नाव ऐकून बाल्कनीतल्या बायका ओक्साबोक्शी रडू लागल्या. टाळ्या सुरू झाल्या. एवढ्या टाळ्या सांगलीलाही नव्हत्या. आता एकच वाक्य उरलं होतं: मी खोटं बोलत आलो, बाई या इथे बसल्या आहेत. ते वाक्य मुळगुंदांच्या अगदी जिभेवर होतं. शरयूताई त्यांच्या तोंडाकडे बघत होत्या.

सवयीने मुळगुंदांचा आवाज कापला.

"जेवली," ते म्हणाले, "असं खांबेटे शेवटपर्यंत सांगत राहिले."

बोलून होताच त्यांना स्वतःची किळस आली. टाळ्या मात्र थांबेनात. पाणी शरयूताईंच्या ओठांशी आलं. त्या काहीतरी बोलायला निघाल्या होत्या, पण त्यांनी तोंड मिटून घेतलं.

तबलजीने मान हलवली. तबला लागला होता. गायिकेने पहिली ओळ घेतली आणि सगळं सभागृह तिच्यामागून हाक मारू लागलं: ये गं वर, पान वाढलंय. पाणी शरयूताईंच्या डोक्यावरून गेलं. मग त्यातून त्यांचा उजवा हात वर आला. त्याच्या बोटांना भात लागलेला होता.

पहिल्या रांगेतल्या आजी ठेका धरताहेत असं वाटून मागच्या रांगांनीही हात वर केले. सगळे आपल्याकडे बघताहेत हे पाहून मुळगुंदांनीही आपला हात वर केला.